गाढवाचे पान

एका राज्यात राजाने खोकायचे नाही, शिंकायचे नाही, असा रिवाज होता. राजाला खोकला आला की भालदाराने खोकावे. राजाचे नाव प्रतापभानू. त्याची एकुलती एक लेक चंपावली, आईवेगळी पोर.

पोरीची आत्या हेमावती तिला रोज तिन्हीसांजेला चित्रांचे पुस्तक वाचून दाखवी. त्यात नवरदेव होऊन निघालेले गाढव होते, करवली मांजर होती, भटजी कावळा होता. आत्या म्याँव करी, काव काव करी, आणि गाढवाच्या पानावर तर मान वर करून अशी रेके की पोर हसून हसून लोळे.

एकदा राजाने स्वतः पुस्तक घेतले. दवंडीच्या सुरात वाचले. गाढवाचे पान आले तशी भालदाराला खूण केली. भालदार रेकला. पोर उठली नि भालदाराच्या मांडीवर जाऊन बसली.

राजाच्या अंगाचा तिळपापड झाला. भालदाराचे जाऊ द्या, पण सख्ख्या बहिणीचा हेवा! भिंतीपलीकडून हसू आले की त्याच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी त्याने मांत्रिकाला बोलावले आणि हेमावतीच्या हातात ते पुस्तक मुके होवो, असे मागून घेतले. जळणाऱ्याला पुढचे दिसत नाही, दुसरे काय! मांत्रिकाने फुंकर मारली. चित्रे पानांतून उठली नि खिडकीतून चालती झाली. त्यांच्यामागे पोरीचे हसूही गेले. ती जेवेना, बोलेना, कोऱ्या पानांवरून नुसता हात फिरवी.

आता राजा घाबरला. शाप देणे मला येते, उतारा माझ्या साळुंकीला ठाऊक, असे म्हणून मांत्रिक मोकळा झाला. साळुंकी म्हणाली,

"तिघांना त्यांच्याच आवाजात बोलाव. हेवा ज्याच्या मनात, हाक त्याच्याच तोंडची."

पुस्तक आणि भालदार घेऊन राजा निघाला. मांजर गवळ्याच्या अंगणात दुधाच्या मडक्याशी सापडली. भालदाराने म्याँव केले, तिने ढुंकूनही पाहिले नाही. मग राजाने शेल्याआड हळूच म्याँव केले, तशी येऊन पानात बसली. कावळा बाजारातल्या देवळाच्या कळसावर होता. तिथवर हळू आवाज पोचेना, म्हणून राजाला भर बाजारात काव काव करावे लागले. आणि गाढव? ते दरबारात थेट सिंहासनावर बसले होते, समोर सगळे मानकरी उभे.

राजाला घाम फुटला. त्याने मुकुट उतरवून प्रधानाच्या हाती दिला. दाराशी हेमावती पोरीला कडेवर घेऊन उभी होती. राजा म्हणाला, "ताई, तुझा फार हेवा केला मी."

"ते मागाहून," ती म्हणाली. "आधी मान वर कर."

राजाने मान वर केली आणि असा रेकला की दरबारातल्या हंड्या-झुंबरे हलली. गाढव सिंहासनावरून उतरले आणि आपल्या पानात जाऊन उभे राहिले. पोर हसली. हसता हसता तिला उचकी लागली.

मग तिने राजाच्या हातातले पुस्तक घेतले आणि आत्याला दिले. राजाचे तोंड पुन्हा उतरले. तेव्हा पोर म्हणाली,

"आत्या वाचेल. गाढव आबांचं."

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला राजा आपल्या पानाची वाट बघत बसतो, आणि खोकला आला तर स्वतःच खोकतो. त्याचा हेवा जसा रेकण्यात विरला, तसा तुमचा-आमचाही विरो.