बाईंची खुर्ची

इंग्रजी विभागात शिरताच ऋजुता दचकली. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब चक्क टिळेकरबाईंच्या खुर्चीत बसले होते. बाई निवृत्त झाल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसत नसे.

"मॅडम, माझ्या इंग्रजी मानपत्रात नुसता 'रिस्पेक्ट' काय लिहिलात? 'रेव्हरन्स' घाला. वजनदार वाटतं."

"तिथे तो शोभणार नाही, सर," ती कसंबसं म्हणाली.

"का? फरक काय दोन्हीत? आणि जरा जपून सांगा. पुढच्या वर्षीच्या तुमच्या नेमणुकीची ऑर्डर माझ्याच सहीसाठी थांबलीय."

ऋजुताने खुर्चीकडे पाहिलं. "सर, तुम्ही आलात की आम्ही उठून उभे राहतो, तो रिस्पेक्ट. आणि बाई इथे नसतानाही त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही, तो रेव्हरन्स."

भाऊसाहेबांनी खुर्चीच्या हातांवरून आपले हात उचलले. मग हळूच उठले. "रिस्पेक्टच राहू द्या," म्हणत ते निघून गेले. सहीचं नाव काढलं नाही.

ऋजुता मटकन आपल्या जागेवर बसली. नोकरीपेक्षा तिला वेगळीच रुखरुख लागली होती. हे आपण बाईंना कधी सांगितलंच नाही. साधा फोनसुद्धा केला नाही. तिने नंबर लावला. रिंग वाजतच राहिली. ठेवणार, तोच पलीकडून आवाज आला, "बोल गं, ऋजुता."

ती नकळत उठून उभी राहिली.