कौतिकाचा पदर

गिरणाकाठच्या एका गावात झुंबरबाई नावाची सुईण होती, आणि तिच्याच हाताखाली शिकून तिलाच अक्कल शिकवणारी कौतिका होती. पण त्या दिवशी कौतिका दारातूनच विचारत आली.

"मग नजर तरी कुणाची म्हणायची, मावशी? महिन्याभरात दोघी बाळंतिणी गेल्या. पाचव्याला ताप, सातव्याला आटोपलं. आता घरात माझ्या सुनेचे, रेऊचे, दिवस भरत आलेत."

"हात धुतले होतेस?"

"राखेनं, ऊन पाण्यानं, कोपरापर्यंत. शंभर बाळंतपणं केलीत मी."

"धुवून दाखव."

कौतिकानं धुतले. झकास धुतले. आणि सवयीनं पदराला पुसले.

झुंबरबाईनं तो पदर धरला, टोक दह्याच्या गाडग्यात बुडवलं, पिळलं, उन्हात धरलं.

"चांगलं लुगडं आहे हो माझं…"

"वाळलं? आता दही दिसतं का?"

"नाही."

"परत हात धू. पूस त्यालाच."

मग तापवून कोमट केलेल्या दुधाच्या दोन वाट्या पुढं आल्या. एकीत कौतिकाचं बोट बुडवलं. दुसरीला कुणी शिवलं नाही. दोन्ही झाकल्या.

सकाळी कौतिकानं झाकणं काढली. न शिवलेलीत दूध तसंच होतं. बोट बुडवलेलीत दही लागलं होतं.

तिनं पदराचं टोक हातात धरलं.

"पहिल्या बाळंतिणीकडून दुसरीकडं हाच पदर गेला, मावशी."

झुंबरबाईनं दह्याची वाटी परत झाकली.

"रेऊला मी शिवणार नाही. तुम्ही चला."

"माझे हात कापतात. तूच करशील."

कौतिका घरी गेली. जुन्या धोतराची फडकी फाडली, खळाखळा उकळली, कडक उन्हात वाळवली, झाकून ठेवली. पदर खोचला तो गाठ मारून. रेऊच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्या सासू, आत्याबाई, फडकं उघडं घेऊन आल्या, तर त्यांनाही बाहेर काढलं. "रागवा खुशाल," म्हणाली, "बाराव्याला पाया पडेन."

पाचवा दिवस गेला. सातवा गेला. रेऊ उठून भाकरी मागायला लागली.

बाराव्याला पाळणा हलला, नातवाचं नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. झुंबरबाई काठी टेकत आली, तशी कौतिका बाळ घेऊन पुढं धावली.

"घ्या मावशी. आधी तुमच्या हातात."

झुंबरबाईनं हात मागं घेतले.

"पाणी आण अगोदर. गुरूचे म्हणून सोडू नकोस."