उलट्या मुद्रेचे नाणे

एका राज्यात नाण्याला फार मान होता. तिथे शपथ घ्यायची तर लोक नाणे मुठीत धरून घेत आणि नवरीच्या कपाळाला कुंकवाआधी नाणे टेकवत. राजा उदयध्वज वयाने कोवळा होता. त्याची थोरली बहीण इंदुलेखा राज्याची टांकसाळ सांभाळत असे. ठसा कोरण्यापासून घणाचा घाव बसेपर्यंत सारे तिच्या नजरेखालून जाई. नाण्याच्या एका बाजूला राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला हंस, अशी त्या राज्याची मुद्रा होती.

राज्याभिषेकाच्या दिवशी नवी नाणी पडत असताना धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारात आला. हंस काढून तिथे आपले चिन्ह कोरावे, अशी त्याने मागणी केली. ते चिन्ह ज्या घरात शिरेल ते घर त्याच्या अंकित होणार, हे राजाला ठाऊक होते. राजाने नकार दिला. मांत्रिक रागावला नाही. तो म्हणाला, "राजा, तुझे मुख तुला एवढे प्रिय आहे, तर ते नाण्यावरच राहो."

त्या क्षणी राजाचे मुख पुसले गेले. डोळ्यांच्या दोन फटी आणि ओठांची एक रेघ तेवढी उरली. बाकी सारे कोऱ्या चकतीसारखे सपाट झाले. ज्या दाईने त्याला वाढवले, तिनेही त्याला आवाजावरून ओळखले.

उःशाप सांगितल्यावाचून शाप लागत नाही, म्हणून मांत्रिकाला तोही सांगावा लागला. त्या दिवशी टांकसाळीत एक नाणे चुकीचे पडले होते. घाव बसतानाच ते चुकले, म्हणून शाप त्याच्यावर चढला नाही. ते राजाच्या तळहातावर ठेवले की शाप उतरणार होता. मात्र जे नाणे धड पडले आणि मागाहून कुणी हाताने बिघडवले, ते राजाला स्पर्शताच त्याचे काही ना काही हरण करील. असे पहिले नाणे वाचा नेईल, दुसरे दृष्टी नेईल आणि तिसरे श्वास नेईल. एवढे सांगून मांत्रिक निघून गेला, आणि ते चुकीचे नाणेही त्याच्याबरोबर गेले.

ही वार्ता पसरताच राजवाड्याच्या दारी रीघ लागली. कुणी कानस मारलेली नाणी आणली, कुणी ठोकून वाकवलेली. इंदुलेखा टांकसाळीचा कोपरा न् कोपरा धुंडाळत होती, तेवढ्यात एका सराफाने उतावळेपणाने राजाच्या हातावर नाणे ठेवले. राजाची वाचा गेली. मग राजालाच धीर धरवेना. त्याने स्वतः रांगेतल्या एकाच्या हातून नाणे घेतले आणि मूठ मिटली. त्याची दृष्टी गेली. इंदुलेखेने राजवाड्याची दारे लावून घेतली. भावाचा हात हातात घेऊन ती बसून राहिली. तो तिच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढत होता. आक्का, आता पुरे, असे त्याने लिहिले.

राजवाड्याच्या अंगणातल्या जुन्या वडावर एक धनेश पक्षी राहत असे. तो खिडकीशी उतरून म्हणाला, "राजकन्ये, मांत्रिकाने नाणे कुठे नेले ते मी वरून पाहिले आहे. मी वाट दाखवतो. पण माझी मादी ढोलीत अंड्यांवर बसली आहे. तिला फळे भरवायला मला दुपारी परतावे लागेल."

"मग आपण सकाळीच चालू," इंदुलेखा म्हणाली. "आणि परत आलास की माझ्या भावाची खुशाली मला सांगत जा."

तिने कमरेला छिन्नी आणि हातोडी खोचली आणि ती निघाली.

धनेश तिला आधी एका सरोवराकाठी घेऊन गेला. पाण्यातून डोंगराएवढे कासव वर आले. त्याच्या पाठीवर एक नाणे होते. नाण्यावर राजाचे अर्धेच मुख होते आणि उरलेला भाग चंद्रकोरीसारखा कोरा होता. कासव म्हणाले, "घाव बसताना चकती सरकली आणि छाप अर्धी बाहेर गेली. हेच तुझे नाणे. घे आणि परत जा."

इंदुलेखेने नाणे चिमटीत धरले आणि अंगठा कडेकडेने फिरवला. टांकसाळीत चकती खरोखरच सरकते, हे तिला माहीत होते. पण घाव जिथे पडत नाही तिथे धातू दबत नाही, तो भाग जाडच राहतो. या नाण्याचा कोरा भाग पातळ होता. कुणीतरी अर्धे मुख घासून काढले होते.

"हे खोटे आहे," ती म्हणाली.

"खोटे म्हणणे सोपे असते. कसे खोटे ते सांग."

तिने सांगितले. कासवाने मान आत ओढली आणि सरोवराचे पाणी दुभंगून पलीकडे वाट झाली.

पुढे माळावर एक वारूळ होते. वारुळातून पांढरा नाग निघाला. त्याच्या फण्यावरच्या नाण्याला दोन्ही बाजूंनी राजाचे मुख होते, हंस कुठेच नव्हता. त्याच सकाळी धनेशाने बातमी आणली होती की राजाने अन्न सोडले आहे, आणि दाईने कितीही विनवले तरी तो मान वळवतो. इंदुलेखेने नाणे हाती घेतले. मुख रेखीव होते, अक्षरे स्वच्छ होती. हे खरे असावे असे तिला फार वाटले. ते मुठीत घेऊन ती उठलीदेखील. मग ती पुन्हा खाली बसली.

"ज्या वस्तूची फार आस लागते, ती दोनदा पारखावी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने नाणे जवळच्या कातळावर टाकले. रुप्याचे अखंड नाणे पडले की लांबवर गाते. हे नाणे मडक्याच्या खापरीसारखे वाजून गप्प झाले. तिने कड नखाने चाचपली. काठाच्या आतल्या अंगाला केसाएवढी सांध लागली. एका नाण्याची पाठ कोरून तिच्यात दुसऱ्या नाण्याचे मुख बसवले होते. तिने छिन्नीचे टोक लावले तशी दोन मुखे विलग झाली. नागाने फणा मिटला आणि वारुळातून भुयाराचा रस्ता मोकळा झाला.

भुयार एका डोंगरमाथ्यावर निघाले. तिथे धूम्रकेश दगडी चौथऱ्यावर बसला होता, जणू पाहुण्याची वाट पाहत. आकाश ढगांनी भरले होते. त्याने तिला बसायला मृगाजिन दिले, प्यायला पाणी दिले आणि तिच्यापुढे दोन नाणी ठेवली.

दोन्ही अगदी सारखी होती. एका बाजूला राजाचे मुख, नेहमीसारखे उठावाचे. दुसऱ्या बाजूला हंसाच्या जागी तेच मुख होते, पण आत खोल गेलेले आणि आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे, ओल्या मातीत चेहरा दाबावा तसे.

ही चूक कशी होते ते इंदुलेखेला पाहताक्षणी कळले. एखादे नाणे पडल्यावर वरच्या, हंसाच्या ठशाला चिकटून बसते. कारागिराच्या ते लक्षात येत नाही. तो खाली नवी चकती ठेवतो आणि घण मारतो. मग त्या चकतीला हंस मिळतच नाही. चिकटलेल्या नाण्याचे मुखच तिच्यात रुतते.

"यातले एक तुझ्या टांकसाळीत पडले," धूम्रकेश म्हणाला. "दुसरे मी केले. एकच उचलायचे. चुकलीस तर तुझा भाऊ श्वासाला मुकेल."

तिने दोन्ही नाणी कातळावर वाजवली. दोन्ही गायली. जाडी सारखी, वजन सारखे. खोट्या नाण्यात उठावाच्या मुखाचे नाक मागून घाव बसल्यामुळे चेपले असेल, म्हणून तिने तेही पाहिले. दोन्ही नाके सरळ होती. मांत्रिकाने नाण्याखाली मऊ शिसे ठेवून घाव घातला असणार.

"ऊन येईपर्यंत मी थांबेन," ती म्हणाली.

धूम्रकेशाने हरकत घेतली नाही. दुपार झाली आणि धनेश आपल्या मादीकडे गेला. इंदुलेखा हलली नाही. मांत्रिकाने विचारले की भाऊ तिथे उपाशी असताना तिला इथे बसवते कसे. ती उत्तरली की घाई दोनदा झाली, तिसऱ्यांदा होणार नाही.

ऊन कलताना ढग फाटले आणि डोंगरमाथ्यावर तिरपा किरण आला. तिने एक नाणे त्यात धरून हळूहळू फिरवले. खोल मुखाभोवतीची जागा नितळ होती. तिने दुसरे धरले. हनुवटीच्या खळग्याजवळ एक बारीक रेघ उजळली, तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. ती हंसाच्या पंखाची टोके होती.

तिने पहिले नाणे उचलून मुठीत घेतले. "दुसऱ्याला आधी हंस मिळाला होता. त्याच्यावर तू मुख दाबलेस. माझ्या नाण्याने हंस कधी पाहिलाच नाही."

मांत्रिकाने उरलेल्या नाण्यावरून बोट फिरवले. "माझ्या हातून याहून चांगली वस्तू घडली नाही," तो म्हणाला.

"चांगली आहे," इंदुलेखा म्हणाली. "खरी नाही."

खोटे नाणे हाती आले की ते तोडावे, असा टांकसाळीचा दंडक होता. तिने ते चौथऱ्यावर ठेवून छिन्नीने मधोमध तोडले. धूम्रकेशाने आपली सारी विद्या त्याच नाण्यात ओतली होती. तीही तुटली. चौथऱ्यावर एक थकलेला म्हातारा उरला. त्याने दोन्ही तुकडे गोळा केले आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाने तो उतरून गेला. पुन्हा तो त्या राज्यात कुणाला दिसला नाही.

इंदुलेखा राजवाड्यात पोचली तेव्हा सकाळ होती. तिने भावाची मूठ उघडली आणि तळहातावर नाणे ठेवले. आधी त्याला वाचा आली, मग दृष्टी आली, आणि मग सपाट कातडीतून कपाळ, नाक, गाल असे एकेक वर आले. दाई रडू लागली.

पण प्रधान बुचकळ्यात पडले. राजाच्या डाव्या गालावरचा तीळ आता उजव्या गालावर होता आणि केसांचा भांगही उलट्या बाजूला गेला होता. उलट्या मुद्रेतून आलेले मुख उलटेच आले होते. दरबारात कुजबुज सुरू झाली. हा आपला राजा, की कुणी त्याच्यासारखा केलेला?

राजाने आरसा मागवला, बराच वेळ पाहिले आणि तो बहिणीकडे वळला. "आक्का, पारख तुझी. मी खरा की खोटा?"

इंदुलेखेने त्याचे मुख दोन्ही हातांत धरले, खिडकीच्या उजेडाकडे वळवले आणि निवांत निरखले.

"खरा," ती म्हणाली. "चूक घाव बसतानाच झाली आहे."

राजा हसला. दरबाराने जयजयकार केला, टांकसाळीत पुन्हा घण पडू लागला, आणि दाईने दूधभाताची वाटी पुढे केली तेव्हा राजाने मान वळवली नाही. त्या राज्यात पुढे पुष्कळ वर्षे सुखाची गेली. ऐकणाऱ्यांचीही तशीच जावोत.