कॉम्प्युटरची भूक

गावात इंटरनेट नुकतंच पोचलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका घरातला कॉम्प्युटर रोज संध्याकाळी अधाशासारखा अपडेट डाउनलोड करायला बसे. नेमका तेव्हाच घरातल्या आबांच्या मोबाइलवर परदेशातल्या तान्ह्या नातीचा व्हिडिओ कॉल येई. ती "आ..." म्हणे आणि चित्र अडके.

"अरे, जरा थांब की!" दोघांनाही नेट वाटून देणारा राउटर कळवळून म्हणाला.

"आणि नंतर मला उरलंच नाही तर?" कॉम्प्युटर घाबरून म्हणाला.

राउटरला त्याची दया आली. "दुपारी जेवून सगळं घर झोपतं. तेव्हाची वेळ लावून ठेव. सगळं नेट तुझं एकट्याचं."

दुसऱ्या दिवशी आबा घोरत होते, तेव्हा कॉम्प्युटर पोटभर जेवला. संध्याकाळी तो गप्प बसला.

"आबा!" नात म्हणाली.

तो शब्द आबांनी पहिल्यांदाच पूर्ण ऐकला. कॉम्प्युटरनेही.