एकमताने निवडून आलेला गुणाजी

जनावरांनी माणसांकडून निवडणूक उसनी आणली होती आणि ती परत करायची राहूनच गेली होती, त्या काळातली ही गोष्ट. पलटणीत तोफा वाहून निवृत्त झालेलं सुभेदार नावाचं खेचर माळावर आलं आणि पहिल्याच खेपेला जनावरांच्या सभेत आमदार झालं. त्याचा चुलता गुणाजी गाढव जळून नुसता कोळसा झाला.

"सात वेळा उभा राहिलो मी," तो बायकोला म्हणाला, "आणि हा काल लंगडत आला नि बसला मानाच्या शिळेवर!"

"अहो, त्याचा पाय तोफेखाली सापडला," गाढवीण म्हणाली. "तुम्ही उकिरड्यावरून घसरलात. असल्या घसरण्याला कोण मत देणार?"

पण गुणाजीनं एक हेरलं होतं. हुकूम कानावर पडला की सुभेदाराचे पाय आपोआप चालू लागायचे आणि कुणी 'थांब' म्हणेपर्यंत थांबायचे नाहीत. मग भर सभेत, चाऱ्याचा प्रश्न निघाला असताना, गुणाजी झुडपाआडून गरजला, "पुढे चल!"

सुभेदार शिळेवरून उतरला आणि तडक चालू लागला.

"सायेब निघाले, म्हंजी चारा घावला!" शेळी ओरडली. तिच्यामागे म्हशी, म्हशींमागे कोंबड्या आणि सगळ्यांत शेवटी गाढवीणही पळाली.

गुणाजी टुणकन शिळेवर चढला. "आजपासून मी आमदार! कुणाचा विरोध?" विरोध नव्हता. "एकमतानं मंजूर!"

मग आपल्यावर कोण कोण जळतंय ते डोळे भरून बघावं म्हणून त्यानं मान वळवली. माळावर चिटपाखरूही नव्हतं.