निखाऱ्यांचे मडके

समुद्रकाठच्या एका जुन्या शहरात यूबूल नावाचा म्हातारा गुरू राहत असे. ख्रिस्ती धर्म तेव्हा नवा होता. नव्या श्रद्धावंतांना तो बायबलातली शलमोन राजाची नीतिसूत्रे समजावून सांगे. त्याच्या मते 'आळशा, मुंगीकडे बघ' ह्या सूत्रातली मुंगी ही मुंगी नव्हतीच. तो होता कष्टाळू जीवात्मा. दुसऱ्या सूत्रातले सात खांबांचे घर म्हणजे ख्रिस्ताची मंडळी, सगळ्या श्रद्धावंतांचा समुदाय. प्रत्येक शब्द पोटात काहीतरी लपवतो, असे तो मानी. हळूहळू त्याला माणसेही तशीच वाटू लागली. कोणी साधा नमस्कार केला, तरी 'ह्याच्या मनात काय असेल?' असे त्याला वाटे.

शेजारचा सिल्वान हाही गुरूच. तो म्हणे, "मुंगी म्हणजे मुंगी. तिच्याकडे बघा आणि कामाला लागा." एकदा भर सभेत तो म्हणाला, "यूबूलबाबांच्या ताटात भाकर वाढली, तर ते आधी तिचा अर्थ लावतील!" लोक हसले. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद झाले.

एका हिवाळ्यात मोठे वादळ झाले. छप्पर गळून यूबूलच्या चुलीतला विस्तव विझला. त्याची बहीण त्रुफैना तापाने फणफणली होती. थंडीने तिचे दात वाजत होते.

दार वाजले. बाहेर सिल्वान उभा होता. हातात भाकरी, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर निखाऱ्यांचे झाकलेले मडके.

"तुमच्याकडे धूर दिसेना, म्हणून आलो."

यूबूलला नीतिसूत्रांतलेच एक वचन आठवले: वैरी भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, म्हणजे तू त्याच्या डोक्यावर निखारे रचशील. निखारे म्हणजे लाजेचा दाह, असे तो स्वतःच शिकवत आला होता. 'अस्सं! म्हणजे ह्याने मला वैरी ठरवले. आता गावभर सांगत सुटेल.'

"मी तुझा वैरी आहे का रे?"

"तुम्ही उपाशी आहात, एवढं मला कळलं. पुढचं तुम्ही शिकवा."

"पुन्हा टोमणा!" यूबूलने दार लावून घेतले.

"दादा," आतून त्रुफैना कण्हली, "आधी चूल पेटव. अर्थ मागाहून लाव."

पण यूबूल फटीला डोळा लावून उभाच राहिला. सिल्वान मडके आणि भाकरी ओसरीवर ठेवून निघून गेला. 'लपून बघत असेल, मी घेतो की नाही ते.' यूबूल वाट पाहत राहिला. कोणी आले नाही. मग त्याच्या ध्यानात आले, दात वाजायचे थांबले आहेत. त्याने वळून पाहिले. बहीण निपचित पडली होती. ओठ निळे पडले होते.

त्याने धावत जाऊन मडके उघडले. आत नुसती राख होती.

तो अनवाणी, भर पावसात सिल्वानच्या दारी गेला.

"विस्तव दे. बहीण मरते आहे माझी."

गुरूच्या तोंडून निघालेल्या ह्या वाक्याला दुसरा अर्थ नव्हता. सिल्वाननेही काही विचारले नाही. त्याने दुसरे मडके भरले आणि म्हाताऱ्याच्या पुढे धावत सुटला.

चूल पेटली. पहाटे त्रुफैनाने डोळे उघडले आणि पाणी मागितले.

तात्पर्य: धर्मवचनात गूढ अर्थ जरूर शोधावा, पण मदतीला आलेल्या हातात डाव शोधू नये. आणि संशय घ्यायचाच झाला, तर आधी आपण लावलेल्या अर्थाचा घ्यावा.