माथ्याचा दगड

“पण नाव कोरलं तर बिघडलं कुठं, वस्ताद?”

हणमंताच्या हातात छिन्नी तयार होती. शहराच्या जुन्या पुलाची मधली कमान खचली होती. ती उतरवून पुन्हा बांधली. राहिला होता फक्त माथ्याचा दगड. तो बसला की खालचा लाकडी आधार काढायचा आणि पूल खुला.

हा दगड हणमंतानं एकट्यानं घडवला होता. काटकोन तपासायचा गुण्या लावला तर गुण्याच वाकडा वाटावा, असा.

लिंबाजी वस्ताद चुना कालवत होते. मान वर न करता म्हणाले, “बिघडत नाही. दाखवायचंय कुणाला?”

“सासऱ्याला.”

“मोठा पारखी गाठलास.”

“रोज घाटावर अंघोळीला येतो. चारचौघांत म्हणतो, जावई दगड फोडतो. एकदा मान वर करून बघू दे.”

वस्ताद हसले. हणमंताला ते झोंबलं.

“कोर मग. ठळक कोर.”

हणमंत दगडाच्या दर्शनी बाजूला वळला. तेवढ्यात वस्तादांनी पहार घालून दगड कलता केला आणि खडूनं रेघ ओढली. चुन्यात जाणाऱ्या बाजूवर.

“इथं?”

“इथं.”

“ही बाजू उद्या आत गाडली जाणार. सासऱ्याचा बाप आला तरी दिसायची नाही.”

वस्ताद बाजूला वळले. खचल्या कमानीच्या माथ्याचा दगड शेजारी पडला होता. त्याच्या कुशीवरचा वाळला चुना त्यांनी थापीनं खरवडला. खाली अक्षरं निघाली. भिवा पाथरवट.

हणमंतानं अक्षरांवरून बोट फिरवलं. “काय हात होता... आणि कुणाला पत्ताच नाही.”

“बैलगाड्या गेल्या. पूर गेले. ट्रक गेले. कुणी वाचलं नाही.”

“आज आपण वाचलं की. नशीब काढलं भिवानं.”

“नशीब?”

वस्तादांनी उतरवलेल्या कमानीच्या ढिगाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं...

हणमंतानंही पाहिलं. मग गुमान खडूच्या रेघेपाशी बसला आणि कोरू लागला. नाव झकास उतरलं. फुंकर मारून त्यानं भुकटी उडवली. त्याला आता हसू येत होतं.

“बघा, वस्ताद. कसं काय?”

लिंबाजी वस्तादांनी अक्षरांवर चुन्याची पहिली थापी मारली.

“मी असो, नसो. हे पुन्हा कुणी वाचलं, तर तुझी खैर नाही.”